गाऱ्याला बांधलेली म्हैस

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही बसलेला नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो ते माणसं घाबरल्यावर कशी लिहितात हे पाहण्यासाठी. वाचून झाले की अंक मिटतो आणि झोपतो... झोप लागते. स्वतःचा अनुभव लिहायला मात्र इतकी वर्षं गेली, कारण तो आठवला की मला भीती वाटत नाही, संताप येतो. संतापात लिहिलेलं मी दुसऱ्या दिवशी खोडून टाकतो. या वेळी खोडायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी बुलढाण्याला हायस्कुलात शिकवत होतो, आणि शाळेची लायब्ररीही माझ्याकडेच होती. आमचं गाव बुलढाण्याहून खामगावकडे जाताना घाट लागण्याच्या जरा अलीकडे. फाट्यावर उतरायचं आणि आत चालत जायचं. गावामागे नाला, नाल्याच्या पलीकडे साग, सालई आणि पळस, आणि ते रान पुढे थेट बोथ्याच्या जंगलाला मिळालेलं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांची नातवंडं तिथेच राहतात, त्यांचा यात काही दोष नाही.

लायब्ररीत मुलांच्या उड्या पडत त्या साहसकथांवर. त्यांत हटकून एखादं पाळलेलं जनावर असायचं. ते रानात जायचं आणि त्याच्या रक्तात निजलेलं काहीतरी जागं व्हायचं. पुस्तक देताना मी मुलांना सांगायचो, आधी घरच्या गोठ्यात जाऊन या, मग लेखकानं किती थापा मारल्या आहेत ते कळेल. हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर चांदवी असायची.

चांदवी ही माझ्या थोरल्या बहिणीची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदवी. तिची आई तिला व्यायल्यावर लगेच मेली, आणि इंदूताईनं तिला चिंधीनं दूध पाजून जगवलं. ताई तेव्हा नुकतीच सासरहून परत आली होती. मूल होत नाही म्हणून त्यांनी पाठवून दिली होती... आमच्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. चांदवी गावच्या कळपात कधीच गेली नाही. अंगणातला खुंटा, ताईनं आणलेला चारा, ताईनं ओतलेलं पाणी, एवढंच तिचं जग. कुत्रं भुंकलं तरी ती ताईच्या मागे तोंड लपवायची. एवढं मोठं धूड तिच्या पाठीमागे मावायचं नाही, आणि आम्ही हसायचो.

त्या वर्षी तिचं रेडकू गेलं. त्यानंतर ती ताईखेरीज कोणालाही पान्हवेना. ताईच्या दूध काढण्याची एक खूण होती. लहानपणी विळ्यानं तिच्या उजव्या अंगठ्याची शीर कापली गेली होती आणि तो अंगठा पुरता मिटत नसे. त्यामुळे डाव्या हाताची धार लांब पडायची आणि उजव्या हाताची आखूड. सर्रर्र... सर. सर्रर्र... सर. सुटीत घरी असलो की पहाटे अंथरुणात मी तो आवाज ऐकत पडायचो. अशी धार काढणारी दुसरी बाई मला आजवर भेटलेली नाही.

त्या उन्हाळ्यात सातपुड्याकडून एक पट्ट्याचा वाघ आमच्या रानात उतरला होता. पाटलांकडे शहरातून शिकारी पाहुणे आले. कोणा मोठ्या साहेबाचे पाहुणे, जीप घेऊन. त्या काळी शिकार म्हणजे मानाची गोष्ट होती. एका संध्याकाळी जंगलात बार झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडता जीप निघून गेली. पाटलांनी गावात सांगितलं की गोळी लागली नाही, वाघ घाबरून घाटापलीकडे गेला.

नाल्यात एकच डोह शिल्लक होता, तोही रानाच्या कडेला. उन्हानं चांदवीची कातडी तडकायला लागली, म्हणून ताईनं तिला डोहावर न्यायचं ठरवलं. जाण्याआधी तिनं चावडीपाशी पाटलांना थांबवून विचारलं, भेव नाही ना म्हणून. पाटील म्हणाले, जाय बिनघोर. हे आईनं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मी तेव्हा रजेवर घरीच होतो. दुपारी चांदवी एकटीच पळत घरी आली. गळ्यात तुटलेलं दावं. थेट खुंट्याशी जाऊन उभी राहिली आणि थरथरत राहिली.

ताईबद्दल जास्त लिहीत नाही. आम्ही तिला आणलं, एवढंच.

माझा राग तेव्हा फक्त वाघावर होता. आईचा राग मात्र म्हशीवर होता. ती ओसरीवर बसून चांदवीकडे बघायची आणि एकच म्हणायची, "हे आली. माही पोरगी नाही आली." शेजारच्या बायकाही तेच म्हणत... लेकरासारखी वाढवलेली म्हैस, पण टाकून पळाली. मी समजावायचो की जनावर आहे, पाळलेलं आहे, त्याला पळण्याखेरीज काय ठाऊक? माझं ऐकून आई तोंड फिरवायची.

चांदवीची कास दगडासारखी झाली. कोणी जवळ गेलं की लाथ. अशा वेळी आमच्याकडे जे करतात ते मी केलं. ताईचं हिरवं लुगडं डोक्यावरून घेतलं, अंगाभोवती लपेटलं आणि खाली बसलो. म्हशीला वासानं फसवायचं असतं. मी शिकलेला पुरुष माणूस, मेलेल्या बहिणीचं लुगडं नेसून अंगणात बसलेलो, आणि कुंपणाबाहेरून जाणारी माणसं नजर चुकवत होती. चांदवीनं लुगडं हुंगलं, मान वळवली आणि पान्हा सोडला. माझ्या दोन्ही धारा सारख्याच पडल्या. मला तिथेच रडू आलं... तोवर आलं नव्हतं.

सुतक फिटलं तेव्हा उकंडा घरी आला. उकंडा म्हणजे गावची गुरं राखणारा ढोरकी. तो ओसरीच्या खालीच बसला आणि बराच वेळ काडीनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, गोळी लागली होती. पानायवर रगत होतं, म्या पाह्यलं. पाटलानं सांगतलं, तोंड उघडशीन त गावची ढोरं चारनं बंद."

जखमी वाघ सोडून जाऊ नये, हा शिकारीतला पहिला नियम. जायचंच झालं तर निदान गावाला सांगावं, एवढी तरी माणुसकी. पाहुणे जीपमध्ये बसून गेले, आणि ज्याला ठाऊक होतं त्यानं माझ्या बहिणीला बिनघोर जा म्हणून सांगितलं. मी त्याच दिवशी पाटलांकडे जायला निघालो, पण आईनं दारात अडवलं. तिला कारण सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको होतं, ते अजून ठरलेलं नाही.

रजा वाढवून घ्यायला मला बुलढाण्याला जावंच लागलं. काम आटोपून दुपारच्या एस.टी.नं परत आलो. अंगणात आलो तो खुंटा मोकळा. दांडीवरचं लुगडंही नव्हतं.

आई म्हणाली, पाटील आले होते. वाघाला मारायचं तर गारा बांधावा लागतो. गारा म्हणजे वाघासाठी बांधलेलं जिवंत आमिष. गावात कोणी जनावर द्यायला तयार नाही. तुमच्या लेकीचा सूड तुमचीच म्हैस उगवेल, असं ते म्हणाले. आईनं सांगितलं, न्या. चांदवी खुंटा सोडेना तेव्हा पाटलांचा गडी नामदेव यानं दांडीवरचं लुगडं उचललं, डोक्यावरून घेतलं आणि चालू लागला. मग ती वासरासारखी मुकाट्यानं त्याच्या मागे गेली.

ते ऐकल्यावर मला काय झालं ते लिहिता येत नाही. ज्या लुगड्याखाली मी रडलो होतो, ते पांघरून त्यांनी तिला वाघाच्या तोंडी नेलं होतं. मी डोहाकडे धावत सुटलो. वाटेत नामदेव परत येताना भेटला. खाली बघून म्हणाला, "मास्तर, मले सांगतलं तसं केलं."

दिवस मावळायला अवकाश होता, झाडांच्या बुंध्यांवर तांबूस ऊन होतं. डोहाच्या वरच्या अंगाला, जिथे ताई सापडली होती बरोबर तिथेच, सागाच्या बुडख्याला चांदवीचा पुढचा पाय बांधलेला. ती शांत राहावी म्हणून लुगडं तिच्या पोटाखाली पाचोळ्यावर टाकून दिलेलं. समोरच्या झाडावर मचाण, आणि मचाणावर पाटील बंदूक घेऊन.

त्यांनी वरूनच दबक्या आवाजात सांगितलं की मास्तर, वर या नाहीतर घरी जा. मी सरळ म्हशीकडे गेलो. एरवी मी गावातही पुस्तकी बोलतो, त्या वेळी तोंडात आपोआप गावची बोली आली.

"ताईनं तुमाले इचारलं होतं, पाटील. तुमी जाय म्हनलं."

"तुमच्या मायनंच म्हैस देल्ली. सोडू नोका तिले."

"गोळी लागली हे तुमाले ठाऊक होतं."

पाटील मचाणावरून खाली वाकले. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "होतं. मंग? सायबाचे पाव्हने वाघ जखमी करून पळाले, हे म्या दवंडी देऊन सांगू? उद्या मले तालुक्याले त्याच सायबापुढं जावं लागते, मास्तर."

पुढची कितीतरी वर्षं मी या वाक्याला उत्तरं रचत आलो आहे. त्या वेळी मी खाली बसलो आणि पायाची गाठ सोडू लागलो. ओली करून आवळलेली होती, सुटेना. तेवढ्यात चांदवी रेकली.

म्हशीचं रेकणं मी जन्मभर ऐकलं आहे. हे तसं नव्हतं. खोल, लांब, जमिनीतून आल्यासारखं. मी वर पाहिलं. डोहाच्या पलीकडे करवंदीच्या जाळीतून वाघ बाहेर आला होता. हाडं दिसत होती, पुढचा एक पाय टेकत नव्हता, आणि वाऱ्याबरोबर त्या पायाची सडकी घाण येत होती. तो म्हशीकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. माणूस हे सोपं सावज असतं हे त्याला कळलं होतं, आणि ते त्याला कोणी शिकवलं तेही मला ठाऊक होतं.

पाटलांचा बार झाला नाही. नंतर ते म्हणाले, मास्तर मध्ये होते. असेल.

मग नाल्याकडून खुरांचा आवाज आला. उकंडा संध्याकाळचा कळप गावाकडे नेत होता. चांदवीचं रेकणं ऐकून गाई उधळल्या आणि शेपट्या वर करून गावाकडे पळाल्या. त्याच वेळी म्हशी उलट वळल्या. उकंडा काठी आपटत राहिला, त्याला त्यांनी जुमानलं नाही. या घरोघरच्या म्हशी... सकाळी चरवीत दूध देणाऱ्या, पोरांना पाठीवर बसू देणाऱ्या. त्या चढण चढून आल्या आणि माझ्याभोवती, चांदवीभोवती उभ्या राहू लागल्या. शेपट्या आत, शिंगं बाहेर. एकीला एक खेटून, मध्ये फट नाही. कोणी हाकारलं नाही, कोणी पुढारपण केलं नाही. जणू रोजच असं उभं राहत असाव्यात. त्यांना हे कोणी दाखवलं होतं? त्यांच्या आयांनीही कधी असं केलेलं गावात कोणाला आठवत नाही.

इथपर्यंतचं मी समजू शकतो. लायब्ररीतल्या गोष्टी खऱ्या होत्या आणि मी मूर्ख होतो, एवढंच म्हणायचं. खरा प्रश्न त्या रिंगणाच्या आत होता.

मी गुडघ्यांवर, हातात गाठ. बाहेर वाघाची गुरगुर, म्हशींचे फूत्कार, जमीन हादरत होती. आणि माझ्या कानाशी, अगदी जवळ, पाचोळ्यावर काहीतरी पडू लागलं.

सर्रर्र... सर. सर्रर्र... सर.

मी मान वळवली. चांदवीच्या सडांतून दूध पडत होतं. ठिबकत नव्हतं, गळत नव्हतं... धार काढली जात होती. एक सड ताणला जायचा, चेपला जायचा, सुटायचा, मग दुसरा. एक धार लांब, एक आखूड. खाली लुगडं भिजत होतं. तिथे कोणी नव्हतं. मी हात लावला तर लागेल इतक्या अंतरावर ते चाललं होतं आणि तिथे कोणीही नव्हतं. चांदवीनं मान मागे वळवली होती, डोळे अर्धे मिटले होते, आणि ती रवंथ करत होती. चारी बाजूंना मरण उभं असताना ती अंगणात असल्यासारखी रवंथ करत होती.

मी हाक मारली की नाही ते आठवत नाही. उकंडा म्हणतो, तुम्ही ताई म्हणून ओरडला.

वाघानं एकदाच झेप घेतली. समोरच्या म्हशींनी त्याला शिंगांवर घेतलं आणि मग बाकीच्यांनी तुडवलं. वेळ लागला नाही. धार थांबली ती त्याच सुमारास, पण अचानक नाही... शेवटच्या काही धारा बारीक होत गेल्या, कास रिकामी होताना होतात तशा.

म्हशी पांगल्या आणि उकंड्याच्या मागे गावाकडे निघाल्या, रोजच्यासारख्या. पाटील खाली उतरले. मेलेल्या वाघाजवळ गेले आणि हातभर अंतरावरून त्याच्या छातीत गोळी घातली. माझ्यासमोर. मग म्हणाले, "बरं झालं, देवानं वाचवलं तुमाले." दुसऱ्या दिवशी फोटोवाला आला, पाटलांचा वाघावर पाय ठेवून फोटो निघाला. सडलेला पाय पोत्याखाली झाकला होता. तो फोटो पुढे पुष्कळ वर्षं त्यांच्या बैठकीत होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत की मास्तरच्या बहिणीचा सूड मी घेतला.

चांदवीची गाठ मी दगडानं ठेचून तोडली. दावं धरून चुचकारलं. ती जागची हलली नाही. ओलं लुगडं उचलून मी खांद्यावर घेतलं, तिच्या नाकासमोर धरलं. तिनं ते हुंगलं, मग माझ्याकडे बघितलं आणि शिंगं खाली घेतली. ज्या म्हशीला ती रेडकू असताना मी उचलून घेतलं होतं, तिनं माझ्यावर शिंगं रोखली. मी दावं सोडलं. ती वळली आणि चढणीनं रानात गेली. मोळीवाल्यांना ती पुढे अधूनमधून दिसायची, माणूस दिसला की आत शिरायची. मी तीनचारदा शोधायला गेलो. एकदा लांबून दिसली. मी हाक मारली नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, गोळीचंही. धारेबद्दल सांगू लागलो तेव्हा तिनं मध्येच विचारलं, "एक आखूड पडत होती न?" मी अजून ते बोललो नव्हतो. मी मान हलवली. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "मंग बाबू, मी गाऱ्याले कोनाले बांधलं?"

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. दूध कधी प्यायली नाही.

बुलढाण्याच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना मी हे विचारलं होतं. ते म्हणाले, लुगड्याच्या वासानं पान्हा फुटू शकतो. पण भ्यालेली म्हैस दूध चोरते, सोडत नाही. आणि सोडलं तरी ते असं आळीपाळीनं, लांब-आखूड कसं पडेल, ते त्यांना सांगता येईना. त्यांनी मला झोपेच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या. माझ्याकडेही दुसरं स्पष्टीकरण नाही. शोधायचं मी थांबवलं आहे.

ही हकिगत मी आजवर मोजक्याच लोकांना तोंडी सांगितली. प्रत्येकानं धारेबद्दल विचारलं. अंधार होता का, तुम्ही उपाशी होता का, हात दिसले का... पाटलांना पुढे कोणी जाब विचारला का, असं एकानंही विचारलं नाही. तुम्ही पत्र लिहाल तर तुम्हीही बहुधा धारेबद्दलच लिहाल. तर सांगून ठेवतो... नाही. कोणी विचारला नाही. पंचनाम्यात रानटी जनावराचा हल्ला एवढंच लिहिलं गेलं, आणि त्याखाली साक्षीदार म्हणून पाटलांची सही आहे.